काल चाललेली व्हीएम आज ‘व्हीटी-एक्स बंद आहे’ म्हणते: गावाकडच्या लॅबमधलं नेहमीचं दुखणं

लक्षणं

खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी एकाच मशीनवर दिसत असतील, तर पुढचं सगळं त्याच मशीनसाठी आहे.

- व्हर्च्युअलबॉक्समधली व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा संगणक) काल संध्याकाळपर्यंत धड चालत होती. आज ‘स्टार्ट’ दाबलं की खिडकी उघडते न उघडते तोच लाल खूण येते आणि मजकूर दिसतो: ‘व्हीटी-एक्स इज डिसेबल्ड इन द बायोस’. व्हीटी-एक्स ही व्हीएम चालवायची इंटेल प्रोसेसरमधली सोय; बायोस म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डावरचा प्रोग्राम. एएमडीच्या मशीनवर हेच वाक्य एएमडी-व्ही या नावानं येतं.
- नवी व्हीएम बनवायला गेलं तर यादीत फक्त ३२-बिट प्रणाली दिसतात, ६४-बिटचं नाव नाही.
- व्हर्ट-मॅनेजर (लिनक्सवर व्हीएम सांभाळायचा प्रोग्राम) ‘केव्हीएम इज नॉट अव्हेलेबल’ असा पिवळा इशारा देतो. व्हीएम सुरू होते, पण लॉगिनचा पडदा येईपर्यंत चहा पिऊन होतो.
- मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम’ असं काही तरी येतं आणि एफ१ दाबेपर्यंत गाडी पुढे जात नाही. एचपीच्या जुन्या डेस्कटॉपवर १६२ आणि १६३, थिंकपॅडवर ०२५१ किंवा ०२७१ हे आकडे दिसतात. डेलवर ‘टाइम-ऑफ-डे नॉट सेट’ येतं.
- ब्राउझरमध्ये प्रत्येक साइट ‘प्रमाणपत्र वैध नाही’ म्हणते. एपीटी (लिनक्समध्ये पॅकेज उतरवणारी कमांड) अपडेट केलं तर रिलीज फाइल ‘नॉट व्हॅलिड येट’, म्हणजे अजून वैध झालेली नाही, असं सांगतो.
- बायोसमध्ये जाऊन सेटिंग चालू केलं, आठवडाभर चाललं, सोमवारी पुन्हा तेच.

शेवटचं लक्षण सगळ्यात बोलकं. ते असेल तर व्हर्च्युअलबॉक्स काढून परत टाकण्यात, लिनक्स फॉरमॅट करण्यात दिवस घालवू नका. गावातल्या लिनक्स ग्रुपच्या इन्स्टॉल मेळाव्यात निम्मी दुपार या फॉरमॅटमध्येच जाते, आणि दोष बहुतेक वेळा नाण्याएवढ्या एका सेलमध्ये निघतो.

असं का होतं

पूर्ण व्हर्च्युअल मशीन धड वेगानं चालवायला प्रोसेसरमधली खास सोय लागते. इंटेलची व्हीटी-एक्स २००५ साली आली, एएमडीची २००६ साली. लिनक्स कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) व्हीएम चालवणारा केव्हीएम हा भाग २००७ पासून आहे आणि त्याचं सगळं काम या सोयीवरच चालतं. व्हर्च्युअलबॉक्स पूर्वी तिच्याशिवाय ३२-बिट व्हीएम कशीबशी ओढायचा, ६.१ या आवृत्तीपासून ती पळवाटही बंद झाली.

पण प्रोसेसरमध्ये सोय असणं वेगळं आणि ती चालू असणं वेगळं. चालू-बंदचं बटण बायोसमध्ये असतं, आणि नागपुरातून आणलेल्या जुन्या कंपनी-ऑफिसच्या डेस्कटॉपांवर ते मूळ सेटिंगमध्ये बहुधा बंदच असतं. तुम्ही ते चालू करता. ही निवड जुन्या मदरबोर्डावर सीमॉस नावाच्या इवल्याशा मेमरीत राहते, आणि ती मेमरी वीज असेपर्यंतच लक्षात ठेवते. पिन भिंतीवरच्या चालू बोर्डात असेल तर मशीन बंद असतानाही एसएमपीएस (डब्यातला वीजपुरवठा) पाच व्होल्टची स्टँडबाय लाइन देत राहतं, त्यामुळे सेलवर भार येत नाही. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद झालं की सगळा भार मदरबोर्डावरच्या सीआर२०३२ या सेलवर.

आता आपल्याकडची लॅब बघा. संध्याकाळी कुलूप लावताना मेन स्विच खाली. दिवसा गावठाण फिडरची लाइन केव्हा जाईल सांगता येत नाही. त्यात उन्हाळ्याची सुट्टी: विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तेवढे दिवस टिनाच्या छताखाली, पंचेचाळीसच्या पाऱ्यात, सगळी मशीनं सेलवरच. उष्णतेत सेलची आपोआप होणारी झीजही वाढते. म्हणून मेहकर असो की आरमोरी, शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात ‘व्हीएम चालू होत नाही भाऊ’ हे फोन एकदमच येतात.

हिशेब सोपा आहे. सीआर२०३२ ची क्षमता सुमारे २२० मिलीअँपिअर-तास. चांगला बोर्ड घड्याळासाठी पाच मायक्रोअँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे ४४,००० तास, साधारण पाच वर्षं. जुन्या मशीनमध्ये तो सेल किती वर्षांचा आहे हे कोणालाच माहीत नसतं.

तपासणी: फुकटापासून सुरुवात

१. संदेश शब्दशः वाचा. मोबाइलनं फोटो काढा. ‘डिसेबल्ड इन द बायोस’ आणि ‘नॉट अव्हेलेबल’ यांत फरक आहे. पहिल्याचा अर्थ सोय आहे पण बंद आहे; दुसऱ्याचा अर्थ सोय नाही, किंवा दुसऱ्या कोणी ती अडवून ठेवली आहे. ‘कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड’ आणि सोबत उणे १९०८ हा आकडा असेल तर थेट सातव्या पायरीवर जा.

२. पूर्ण बंद करून परत सुरू करा. रीस्टार्ट नको. शटडाउन, मग भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद, दहा सेकंद थांबा, मग सुरू. कारण असं की बायोस मशीन सुरू होतानाच व्हीटी-एक्सची स्थिती प्रोसेसरमध्ये कुलूपबंद करतो. काही जुन्या बोर्डांवर नुसत्या रीस्टार्टनं हे कुलूप उघडत नाही, आणि ‘मी तर सेटिंग बदललं होतं’ हा वाद तिथूनच सुरू होतो. ड्युअल बूटच्या मशीनवर विंडोजचा फास्ट स्टार्टअप असेल तर तोही काढून टाका; त्याच्यामुळे शटडाउन खरा शटडाउन राहत नाही.

३. बायोसमध्ये जा, पण बटणाला हात लावण्याआधी तारीख वाचा. ही पायरी सगळे वगळतात. तारीख २००८, २००९ किंवा बोर्ड बनला त्या सुमाराच्या १ जानेवारीवर गेलेली असेल तर निदान झालं: सेल गेला. चौथी पायरी करा आणि सरळ सहावीवर या.

तारीख लिनक्सच्या पडद्यावर बघून चालणार नाही. सिस्टमडी (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) सुरू होताना घड्याळ फार मागे दिसलं तर शेवटची माहीत असलेली वेळ लावून देतो, आणि इंटरनेट मिळालं की बरोबर वेळ घेऊन हार्डवेअर घड्याळातही लिहून टाकतो. म्हणजे लिनक्स रोगाचं लक्षण झाकतो. खरी तारीख बायोसमध्येच दिसते, तीही मशीन रात्रभर भिंतीवरच्या बोर्डापासून तुटलेलं असेल तेव्हा.

बायोसमध्ये शिरायची कळ: एचपीवर एफ१० (लॅपटॉपवर आधी एस्केप), डेलवर एफ२, लेनोव्होच्या थिंक मालिकेत एफ१, एसर-असूसच्या लॅपटॉपवर बहुधा एफ२, सुट्या बोर्डाच्या असेंबल्ड डब्यावर डिलीट.

४. सेटिंग चालू करा. नावं भलतीच वेगवेगळी आहेत. इंटेलसाठी ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’, ‘व्हीटीएक्स’, फारच जुन्या बोर्डावर ‘व्हँडरपूल’. एएमडीसाठी ‘एसव्हीएम मोड’. ते व्हर्च्युअलायझेशन या शब्दानं शोधत बसाल तर सापडणार नाही. एचपीच्या जुन्या डेस्कटॉपवर हे सेटिंग सिक्युरिटी, मग सिस्टम सिक्युरिटी असं आत लपलेलं असतं. थिंकपॅडवरही सिक्युरिटीत. डेलवर ‘व्हर्च्युअलायझेशन सपोर्ट’ असा वेगळा भाग असतो. बाकी ठिकाणी अ‍ॅडव्हान्स्ड, मग सीपीयू. शेजारी ‘व्हीटी-डी’ दिसेल. ते वेगळं आहे आणि साध्या व्हीएमला लागत नाही. ते बंदच राहू द्या.

सेव्ह करून बाहेर या, मशीन पूर्ण बंद करा, सुरू करा. मग टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही कमांड द्या. ‘व्हर्च्युअलायझेशन’ या ओळीपुढे व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही आलं म्हणजे काम झालं. एक सापळा मात्र ध्यानात ठेवा: कर्नल ५.६ पासून इंटेलची सोय बायोसमध्ये बंद असेल तर कर्नल ती खूण यादीतूनच काढून टाकतो. त्यामुळे ही ओळ दिसत नसेल, किंवा केव्हीएम-ओके ही तपासणी ‘तुमचा सीपीयू हे करू शकत नाही’ म्हणत असेल, तर लगेच मशीन भंगारात काढू नका. त्या कमांडी ‘आहे’ म्हणतात तेव्हा विश्वास ठेवा; ‘नाही’ म्हणतात तेव्हा आधी बायोस बघा.

विंडोजवर टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू इथे ‘व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड’ अशी ओळ असते. तेवढं पुरे.

५. सेलची परीक्षा. सेटिंग चालू करून, तारीख बरोबर लावून मशीन बंद करा आणि पिनच काढून ठेवा. पाच मिनिटं पुरत नाहीत. बोर्डावरच्या कपॅसिटरांमध्ये उरलेली वीज सीमॉसला थोडा वेळ जगवते आणि सेल ठीक आहे असं भासवते. रात्रभर ठेवा. सकाळी तारीख आणि सेटिंग दोन्ही जागेवर असतील तर सेल चांगला. मग सातव्या पायरीवर जा. दोन्ही गेली तर सेल. फक्त तारीख गेली आणि सेटिंग टिकलं तरीही सेलच: नव्या यूईएफआय (बायोसची नवी पिढी) बोर्डांवर सेटिंग फ्लॅश चिपमध्ये राहतं, सेल फक्त घड्याळ सांभाळतो.

६. सेल बदला. घड्याळवाल्याकडे, मोबाइलच्या दुकानात, किराणा दुकानातही मिळतो. किंमत बहुधा पन्नास रुपयांच्या आत-बाहेर. मागताना आकडा पूर्ण सांगा: सीआर२०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. ‘तोच हाय’ म्हणून सीआर२०२५ किंवा सीआर२०१६ गळ्यात मारला जातो. व्यास तोच, पण जाडी कमी असल्यामुळे खोबणीत सैल बसतो आणि टेबल हललं की संपर्क तुटतो. कागद दुमडून घालण्याचा उपाय चार दिवस टिकतो. पाकिटावरची मुदत वाचा, आणि पाच सेलांच्या पट्टीत मिळणारे बिनानावाचे सेल घेऊ नका.

काढण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलनं फोटो घ्या. खास करून सॅटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत), बूट क्रम आणि सिक्युअर बूट (सही नसलेला सिस्टमचा कोड अडवणारी सोय). मग:

पिन काढा. पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. डब्याच्या उघड्या धातूला हात लावा. कॉटनच्या सतरंजीवर बसून काम करा, नायलॉनच्या चटईवर नको. खोबणीच्या कडेला छोटी पट्टी असते, ती बाहेर ढकलली की सेल उडून वर येतो. वरून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, खालची पत्र्याची जीभ वाकते. नवा सेल अधिक खूण वर ठेवून बसवा. बोटांचा घाम पुसून घ्या.

मल्टिमीटर असेल तर जुना सेल मोजा. नवा ३ ते ३.३ व्होल्ट दाखवतो. २.७ च्या खाली असेल तर त्याचं आयुष्य संपलं. २.९ दाखवूनही सेटिंग जात असेल तर खोबणीची जीभ बघा, गंज असेल तर पेन्सिलच्या खोडरबरानं घासा.

मग बायोसमध्ये जाऊन फोटोंप्रमाणे सगळं परत लावा. नुसतं व्हीटी-एक्स लावून निघू नका. मूळ सेटिंगमध्ये सॅटा मोड बदललेला असेल तर विंडोज निळा पडदा देतो. तो ‘रेड’ (आरएआयडी) या पर्यायावर गेलेला असेल तर काही लॅपटॉपांवर लिनक्सला डिस्कच दिसत नाही. दोन्ही वेळा डिस्क शाबूत असते. घाबरून फॉरमॅट करू नका, फोटोतला आधीचा मोड (बहुधा एएचसीआय) परत लावा.

जुना सेल लगेच खिशात टाका, मग डबीत. पोट्ट्यांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत आतून भाजतो. केळं खायला घालून वाट पाहायची ही वेळ नव्हे, थेट दवाखाना.

७. सेटिंग टिकतं, तरी व्हीएम नाही. आता दोष सॉफ्टवेअरमध्ये.

सगळ्यात आधी सिक्युअर बूट. सेल जाऊन बायोस मूळ सेटिंगवर गेला तेव्हा काही बोर्डांवर सिक्युअर बूट आपोआप चालू होतं. मग व्हर्च्युअलबॉक्सचं स्वतःचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) कर्नल नाकारतो, ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं सांगून. एक तर सिक्युअर बूट बंद करा, नाही तर मॉड्यूलवर सही करून ती किल्ली एमओकेमध्ये (मशीनच्या मालकानं मान्य केलेल्या किल्ल्यांच्या यादीत) नोंदवा. शाळेच्या लॅबसाठी बंद करणं सोपं. एखाद्याच्या रोजच्या लॅपटॉपवर नोंदणीच करा.

दुसरं, कर्नल अपडेट झाला पण त्याच्या, मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या, हेडर फाइल आल्या नाहीत, त्यामुळे नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बनलंच नाही. चालू कर्नलचं हेडर पॅकेज आणि डीकेएमएस (कर्नल बदलला की मॉड्यूल पुन्हा बनवणारं साधन) टाका, मग व्हीबॉक्सकॉन्फिग चालवा. गावात हे होतं कारण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अपडेट चालू असताना डेटा संपतो आणि अर्धंच उतरतं.

तिसरं, संदेशात ‘व्हीएमएक्स रूट मोड’ असे शब्द. याचा अर्थ दुसऱ्या हायपरव्हायझरनं (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनं) व्हीटी-एक्स धरून ठेवलं आहे. कर्नल ६.१२ पासून केव्हीएमचं मॉड्यूल लोड होतानाच ते ताब्यात घेतं, मग एकही केव्हीएम व्हीएम चालू नसली तरी व्हर्च्युअलबॉक्सला जागा मिळत नाही. मॉडप्रोब या कमांडला उणे-आर देऊन केव्हीएम इंटेल (एएमडीवर केव्हीएम एएमडी) मॉड्यूल काढा. विंडोजवर हेच काम हायपर-व्ही आणि मेमरी इंटिग्रिटी करतात. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीखाली हिरवं कासव दिसलं की समजायचं.

एक मत: लॅबचा मुख्य डबा लिनक्सवर असेल तर व्हर्च्युअलबॉक्सचा हट्ट सोडा आणि केव्हीएम-व्हर्ट-मॅनेजर वापरा. त्याचं मॉड्यूल कर्नलसोबतच येतं, सही केलेलं. वरच्या तिन्ही भानगडी उरत नाहीत. फक्त वापरणाऱ्याचं खातं केव्हीएम आणि लिबव्हर्ट या गटांत घाला आणि लॉगआउट करून परत या. गटात घातलं पण लॉगआउट केलं नाही, हे इतकं नेहमीचं आहे की आधी तेच विचारावं.

८. प्रोसेसरातच सोय नाही. देणगीत आलेल्या मशीनांत हेही निघतं. अ‍ॅटम एन२७० आणि पेंटियम ड्युअल-कोर ई५२०० मध्ये व्हीटी-एक्स नाही. कोअर २ ड्युओ ई८४०० मध्ये आहे. ई७५०० फसवा: काही तुकड्यांत आहे, काहींत नाही, प्रोसेसरच्या धातूच्या टोपीवर एसएलजीटीई हा कोड असेल तर आहे. कोअर आय३, आय५, आय७ या सगळ्यांत आहे. जुन्या सॉकेटच्या डब्यात ई८४०० बसत असेल तर बायोस त्याला ओळखतो का ते आधी बघून बदलता येतो.

नाही तर मार्ग बदला. एलएक्ससी, डॉकर, सिस्टमडी-एनस्पॉन ही कंटेनरची जात वेगळी आहे. तिथे नवं मशीन उभं राहत नाही. यजमान लिनक्सचाच कर्नल वाटून घेऊन आत वेगळी फाइल व्यवस्था, वेगळी प्रक्रिया यादी, वेगळं नेटवर्क मिळतं. व्हीटी-एक्सची गरज शून्य. २ जीबी रॅमच्या डब्यावर जिथे एक व्हीएम धापा टाकते तिथे डेबियनचे चार-पाच कंटेनर आरामात बसतात, आणि सर्व्हर, नेटवर्क, पॅकेज व्यवस्था शिकवायला तेवढं पुरतं. मर्यादा एवढीच की आत विंडोज चालणार नाही आणि कर्नलचे प्रयोग करता येणार नाहीत.

इथे थांबा, माणूस बोलवा

- नवा, मोजून घेतलेला सेल महिन्याभरात संपला. बोर्ड कुठे तरी वीज गळवतो आहे. ३०० मायक्रोअँपिअरची गळती २२० चा सेल तीस दिवसांत खाते. पावसाळ्यात झुरळ-पालींच्या घाणीनंही हे होतं, पण शोधणं बोर्ड दुरुस्त करणाऱ्याचं काम. दर महिन्याला सेल घालत राहू नका.
- सेल बोर्डाला डागानं जोडलेला आहे, किंवा लॅपटॉपमध्ये एमएल अक्षरांनी सुरू होणारा चार्ज होणारा सेल आहे. त्याच्या जागी सीआर घातला तर बोर्ड त्याला चार्ज करायला जाईल आणि तो फुटू शकतो. सेलवर थेट सोल्डर कधीच करायचं नाही.
- डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात. तो दोष अर्थिंगचा आहे. आधी वायरमन, मग व्हीएम.
- बोर्डावर कपॅसिटर फुगलेले आहेत, डोक्यावर तपकिरी पापुद्रा आहे.
- बायोसला पासवर्ड आहे आणि तो कोणालाच माहीत नाही. कंपन्यांसाठी बनवलेल्या लॅपटॉपांवर तो सेल काढून जात नाही.
- कोणी ‘बायोस अपडेट मारून बघू’ म्हणतं. हा उपाय शेवटचा, आणि यूपीएसशिवाय, किंवा लॅपटॉपची बॅटरी भरलेली नसताना करायचाच नाही. मध्येच लाइन गेली तर बोर्ड मरतो, आणि मग चिपवर प्रोग्रामर लावणारा कारागीर जिल्ह्याच्या ठिकाणी शोधावा लागतो.